मार्विन गे : बापाला घातलेली हाक

१९७२ साली आपल्या तरुणांनी ज्या ब्लॅक पँथरवरून ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, त्याच अमेरिकेतील काळ्या बांधवांत मार्विन गे हा गायक होऊन गेला. जन्म १९३९, वॉशिंग्टन शहरातला. बाप धर्मोपदेशक. बाहेर देवाचे नाव आणि घरात पोराला बेदम मार.

डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीत प्रेमगीते गाऊन मार्विन नावारूपाला आला. पण भाऊ व्हिएतनामच्या युद्धातून परतला. त्याने सांगितलेले ऐकल्यावर मार्विनला नुसती प्रेमगीते गाववेनात. बर्कलेत आंदोलकांना पोलीस मारताना पाहून एका सहकाऱ्याला सुचलेले गाणे त्याने पुरे केले. कंपनीचा मालक त्याचा मेव्हणाच. तो म्हणाला, हे चालणार नाही. मग हे निघेपर्यंत दुसरे गाणार नाही, म्हणून मार्विन अडून बसला. जानेवारी १९७१ मध्ये ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ निघाले आणि धडाक्याने खपले. मालकाचा हिशेब चुकला, हे आम्हाला फार आवडते!

आतली जखम मात्र भरली नाही. कोकेनचे व्यसन, कर्ज, दोन मोडलेले संसार. अखेर तो लॉस एंजेलिसला आईबापांकडे राहिला. विम्याच्या एका कागदावरून बाप आईवर ओरडला, मार्विन मध्ये पडला, त्याने बापावर हात टाकला. १ एप्रिल १९८४ रोजी बापाने त्याला गोळ्या घातल्या. पिस्तूल मार्विननेच दिलेले होते. दुसऱ्या दिवशी त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

त्या गाण्यात तो आधी आईला हाक मारतो, मग भावाला. पुढे बापालाही मारतो आणि भांडण वाढवू नका, म्हणून विनवतो. तेरा वर्षे आधी.