सायकलवरून कामाला

मंडळी, आपल्या गावातले पुष्कळ लोक आज शहरात कामाला आहेत. कोणी कारखान्यात आहे, कोणी दुकानात, कोणी बांधकामावर. राहायची खोली एकीकडे असते आणि काम दुसरीकडे. मध्ये पाच-सात किलोमीटरचा रस्ता असतो. तो रोज दोनदा तुडवावा लागतो. पायी जावे तर वेळ जातो. बसने जावे तर भाडे जाते. मोटारसायकल घ्यावी तर कर्ज होते, आणि वर पेट्रोल लागते. मग गरिबाला परवडेल असे काय राहिले? सायकल.

आम्ही पुण्यात राहतो आणि सायकलवरूनच कामाला जातो. सायकलीने मजुरीचा पैसा वाचतो, हे आम्ही रोज पाहतो. पण शहरच्या रस्त्यावर जीवही सांभाळावा लागतो. पैसा कसा वाचवावा आणि जीव कसा सांभाळावा, या दोन गोष्टी आज आपण समजून घेऊ.

सायकलींचे शहर

एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. सकाळी खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे कामगारांच्या सायकलींची रांग लागे. मास्तर सायकलवर, कारकून सायकलवर, दूधवाला सायकलवर. मुली आणि बायकाही सायकलवर. ज्याच्याकडे सायकल नसे, तो दुकानातून तासाच्या भाड्याने घेई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला, किंवा मागे दुसरा माणूस बसवला, तर पोलीस हटकलाच म्हणून समजा!

पुढे स्कूटरी आल्या. १९७२ साली बजाजची चेतक निघाली. ती मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. मग मोटारसायकली वाढल्या, मोटारी वाढल्या. सायकलीचा बिल्ला गेला आणि रस्त्यावरची सायकलींची गर्दीही गेली.

पण सायकल गेलेली नाही. भल्या पहाटे पुण्याच्या रस्त्यावर उभे राहून पाहावे. पेपर टाकणारी मुले, रात्रपाळी करून घरी निघालेले रखवालदार, डबा बांधून निघालेले गवंडी, सारे सायकलवर दिसतात. ज्यांची मजुरी बेताची, त्यांचा आधार आजही सायकलच आहे.

सायकल पळते कशी?

माणूस पायी तासाला सुमारे पाच किलोमीटर जातो. तोच माणूस सायकलवर बसला की तासाला बारा ते पंधरा किलोमीटर सहज जातो. पाय तेच, ताकद तीच. मग हे होते कसे?

सायकलीच्या पायडलाजवळ एक मोठे दातेरी चक्र असते. मागच्या चाकाला एक लहान दातेरी चक्र असते. दोन्हींवरून चेन फिरते. समजा, पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्याला १८. मग पायडलाचा एक फेरा झाला की मागच्या चाकाचे जवळजवळ अडीच फेरे होतात. मोठ्या सायकलीच्या चाकाचा घेर दोन मीटरहून थोडा जास्त असतो. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते. पायी चालताना एवढ्या अंतराला सात-आठ पावले टाकावी लागतात.

दुसरी करामत हवेची. पूर्वी सायकलीच्या चाकांना भरीव रबर असे. त्यामुळे हाडे खिळखिळी होत. १८८८ साली डनलॉप नावाच्या गृहस्थाने हवेचा टायर काढला. तो जनावरांचा डॉक्टर होता आणि आयर्लंड बेटावर बेलफास्ट गावी राहत होता. मुलाची तीनचाकी नीट चालावी म्हणून त्याने चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली. आजही आपला सारा भार ती हवाच उचलते. हवा कमी झाली की तोच रस्ता चढासारखा वाटू लागतो.

म्हणूनच सायकल मिस्त्री म्हणतात, "भाऊ, आधी हवा बघा, चेनला तेल द्या. मग पाय दुखत्यात म्हणा!"

पैशाचा हिशेब

आता हिशेब करून पाहू. समजा, बसला एका वेळेस २० रुपये लागतात. जायचे २० आणि यायचे २०, मिळून रोजचे ४० रुपये. महिन्यात २५ दिवस काम असेल तर २५ गुणिले ४०, म्हणजे १,००० रुपये झाले.

सायकलीला पेट्रोल लागत नाही. पण खर्च अगदीच नाही असे समजू नका. पंक्चर आहे, तेल आहे, ब्रेकची रबरे आहेत. वर्षातून एकदा सारी सायकल खोलून साफ करावी लागते. त्याला लोक ओव्हराइल म्हणतात. समजा, या सगळ्याचे महिन्याला १५० रुपये पडले. तरी ८५० रुपये हातात राहिले. वर्षाचे झाले १०,२०० रुपये. एवढ्यात मुलांच्या वह्या येतील, कपडे येतील, उधारीही फिटेल.

हे आकडे आम्ही नमुन्यासाठी घेतले. तुमचे भाडे किती, ते घाला आणि तुमचा हिशेब तुम्हीच मांडा. आता तुम्हाला आकडे येतात ना?

निघण्यापूर्वी

बैल जुंपण्यापूर्वी शेतकरी जू पाहतो, सापत्या पाहतो. तशी सायकल रोज पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहावे. दबले तर हवा भरावी. दोन्ही ब्रेक दाबावे. चाक जागच्या जागी थांबले पाहिजे. ब्रेकचे रबर झिजले असेल तर त्याच दिवशी बदलावे. तिथे काटकसर करू नये. घंटी वाजवून पाहावी. चाक उचलून फिरवावे. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर चाक आऊट झाले आहे. मिस्त्रीकडून तारा ओढून घ्याव्या.

बसण्याची सीट फार खाली ठेवू नये. पायडल अगदी खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला असावा. सीट खाली असली की गुडघे दुखू लागतात. पुष्कळ लोक सायकलीला दोष देतात. खरा दोष सीटचा असतो.

डबा आणि पिशवी हँडलला लोंबती ठेवू नये. वळताना पिशवी चाकाच्या तारांत अडकते आणि माणूस तोंडावर पडतो. डबा मागे कॅरिअरला घट्ट बांधावा. धोतराचा सोगा, पॅन्टचा पायचा, साडीचा पदर, ओढणी, हे सारे आवरून घ्यावे. बायकांच्या सायकलीच्या मागच्या चाकाला जाळी असते, ती काढून टाकू नये. डोक्याला हेल्मेट असेल तर फारच चांगले.

रस्त्यावर

गावातली वाट आणि शहरचा रस्ता यांत फरक आहे. गावात बैलगाडी ओळखीची असते. शहरात मागून येणारा ड्रायव्हर आपल्याला ओळखत नाही. त्याला आपण दिसलो पाहिजे, आणि आपण काय करणार हे त्याला कळले पाहिजे. सारी सुरक्षितता या दोन गोष्टींत आहे.

रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे. पण अगदी कडेला घासून जाऊ नये. तिथे माती असते, खड्डे असतात, गटाराची झाकणे असतात. उभ्या मोटारींपासून उघडलेले दार लागणार नाही इतके लांब राहावे. आतला माणूस मागे न पाहता एकदम दार उघडतो. त्या दारावर आदळून पुष्कळ जण जखमी होतात.

जवळ पडते म्हणून उलट्या बाजूने कधीही जाऊ नये. वळणाऱ्या ड्रायव्हरचे लक्ष समोरून येणाऱ्या सायकलीकडे नसते. वळायचे असेल तर आधी मागे पाहावे. मग त्या बाजूचा हात बाहेर काढावा. मगच वळावे. मोठ्या चौकात उजवीकडे वळणे अवघड वाटले तर सरळ खाली उतरावे आणि सायकल हातात धरून पायी चौक ओलांडावा. त्यात कमीपणा काय आहे?

आता सर्वांत मोठी गोष्ट ऐका. चौकात ट्रक किंवा बस उभी असेल, तर तिच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहू नये. ड्रायव्हर उंचावर बसतो. त्याच्या डाव्या अंगाला खाली उभी असलेली सायकल त्याला दिसत नाही. गाडी डावीकडे वळली की तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. सायकलवाला त्यात सापडतो. म्हणून अशा गाडीच्या मागेच थांबावे. अर्धे मिनिट उशीर होईल. होऊ द्यावा.

उताराला सायकल मोकळी सोडू नये. वेग वाढण्याआधीच दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावे. पुढचा ब्रेक एकटा आणि एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. चढाचे उलटे असते. स्वारगेटहून कात्रजकडे जाताना रस्ता चढत जातो. तिथे घाई केली की दम लागतो. सावकाश जावे. फारच झाले तर उतरून चालावे.

पाऊस आणि रात्र

पावसात लोखंडी रिमवर पाणी राहते. मग ब्रेकचे रबर घसरते आणि सायकल लवकर थांबत नाही. म्हणून पावसात हळू चालावे आणि ब्रेक लवकर दाबायला लागावे. पहिल्या दाबाने पाणी पुसले जाते, नंतर ब्रेक धरतो. साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. खाली खड्डा आहे की उघडे गटार, हे वरून कळत नाही. घरी आल्यावर चेन पुसून तेलाचे दोन थेंब सोडावे. नाही तर गंज चढतो.

रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असावा. दिवा केवळ आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो. आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतो. चमकणारी लाल पट्टी मागच्या मडगार्डला लावावी. रात्रपाळीला जाताना पांढरा किंवा पिवळा सदरा घालावा. काळे घोंगडे पांघरून निघालेला माणूस अंधारात अंधारच होतो.

पंक्चर झाले तर?

हे काम घरीही येते. ट्यूब बाहेर काढून हवा भरावी आणि पाण्यात धरावी. बुडबुडे येतात तिथे भोक असते. तेथे खूण करावी. ट्यूब कोरडी करावी. भोकाच्या भोवती काचकागद घासावा. सोल्यूशन लावून ते थोडे सुकू द्यावे. मग ठिगळ चिकटवून जोरात दाबावे. टायर परत चढवण्यापूर्वी आतून नीट तपासावा. काटा किंवा खिळा आतच राहिला तर नवे ठिगळ फुकट जाते.

एक वही ठेवा

प्रत्येक सायकलीवर एक नंबर ठोकलेला असतो. बहुधा तो सीटच्या खाली किंवा पायडलाच्या जोडाखाली सापडतो. तो शोधून वहीत उतरवून घ्या. सायकल विकत घेताना पावती घ्या, आणि पावतीवर तोच नंबर आहे का ते वाचून पाहा. जुनी सायकल घेताना तर विकणाऱ्याची सही घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. उद्या सायकल चोरीला गेली तर ठाण्यात नुसते "काळी सायकल" सांगून भागत नाही. काळ्या सायकली हजार असतात. नंबर मात्र तुमच्या सायकलीचा एकच असतो.

रस्ता कोणाचा?

काही मोटारवाले सायकलवाल्यावर ओरडतात, जणू रस्ता त्यांच्या वाडवडिलांचा आहे! तसे नाही. रस्ता सर्वांचा आहे. सायकलवाल्याचाही आहे.

पुण्यात काही रस्त्यांना सायकलींसाठी वेगळी वाट केलेली आहे. २०१७ साली महापालिकेने साऱ्या शहरासाठी सायकलींचा आराखडाही मंजूर केला. पण कागदावरची वाट निराळी आणि पायाखालची निराळी. कुठे त्या वाटेवर मोटारसायकली उभ्या असतात, कुठे टपरी असते, कुठे ती मध्येच संपते. मग सायकलवाल्याला पुन्हा मोटारींच्या गर्दीत शिरावे लागते.

यावर एकट्याने कुरकुरून काही होत नाही. एका वस्तीतल्या, एका कारखान्यातल्या दहा-वीस जणांनी मिळून अर्ज लिहावा. कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ठिकाणी, काय अडचण आहे, ते स्पष्ट लिहावे. खाली सगळ्यांनी सह्या कराव्या. अर्ज नगरसेवकाकडे आणि महापालिकेच्या कचेरीत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अंगठ्यापेक्षा सहीला वजन असते, आणि एका सहीपेक्षा वीस सह्यांना.

सायकल स्वस्त आहे, पण तिच्यावर बसलेला माणूस स्वस्त नाही. त्याच्या वाटेकडे घरी कोणी तरी डोळे लावून बसलेले असते. दोन मिनिटे आधी उठा, सायकल तपासा आणि सावकाश जा.

विचार करा आणि सांगा

१. तुमच्या गावातून किंवा खोलीपासून कामाचे ठिकाण किती किलोमीटर आहे? सायकलने किती वेळ लागेल?
२. बसच्या भाड्याचा तुमचा महिन्याचा हिशेब मांडा.
३. उभ्या ट्रकच्या डाव्या बाजूला का थांबू नये?
४. तुमच्या सायकलीचा नंबर शोधून वहीत लिहा.