टोपीवरचा बिल्ला

बँकेत खोटी नोट आधी बोटांना कळायची, मग डोळ्यांना. तीच सवय परवा बपेऱ्यात कामी आली. ओळखीच्या घरातल्या नातवाने बाजारातून महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला आणला होता. ‘आजोबा १९४१ साली भरती झाले, तेव्हाचा आहे,’ तो अभिमानाने म्हणाला.

बिल्ल्यावर दोन मशीनगन आणि खंजीर होता. रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली खरी, पण मशीनगन रेजिमेंट झाली ती १९४६ साली; केंद्र तेव्हा आपल्या कामठीला होते. त्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. खंजीर आला स्वातंत्र्यानंतर. शिवाय नक्षीच्या कडा बोथट होत्या. ठशाने दाबलेल्या बिल्ल्याच्या कडा रेखीव असतात. त्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल बोथट उतरते.

नक्कल करणे वाईट नाही. ती अस्सल म्हणून विकणे ही लबाडी.

पोराचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याच्या आईने ट्रंकेतून आजोबांचा डिस्चार्जचा कागद काढून दिला. बिल्ल्यावर शिपायाचे नाव नसते; या कागदावर आजोबांचे होते.

‘बिल्ला राहू दे,’ मी म्हटले, ‘हा मात्र रद्दीत घालू नकोस.’