मीठ, आहारातील
मीठ, आहारातील : जेवणातील नेहमीचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड होय. त्यात वजनाने सु. ४०% सोडियम असते. शरीरातील द्रवांचे संतुलन, तंत्रिका-संदेशांचे वहन व स्नायूंचे आकुंचन यांकरिता सोडियम आवश्यक असते. तथापि गरजेहून अधिक घेतल्यास शरीरात पाणी साठते, रक्ताचे घनफळ वाढते व रक्तदाब वाढण्याचा संभव असतो. दीर्घकालीन उच्च रक्तदाबामुळे हृदयविकार, पक्षाघात व मूत्रपिंडाचे विकार उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाचे दैनिक सेवन ५ ग्रॅ. हून, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून, कमी असावे. या हिशेबात लोणचे, पापड, फरसाण, खारवलेले मासे व पाव यांतील मीठही धरावे लागते. त्यामुळे केवळ पानात वाढलेले मीठ वर्ज्य करणे पुरेसे नसते. सैंधवही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असल्याने त्याला ही मर्यादा लागू आहे. मीठ हळूहळू कमी केल्यास काही आठवड्यांत जिभेला त्याची सवय होते. लिंबू, कोकम, जिरे यांनी चव राखता येते. गलगंडाच्या प्रतिबंधासाठी मीठ आयोडीनयुक्त असावे. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये.