घरातल्या घरात फाइल का रखडते?

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते, पण गाडी त्यासाठी थांबत नाही. गावातील एखाद्या घरात मात्र वरच्या मजल्यावरील लॅपटॉपमधून खालच्या संगणकावर लग्नकार्याची छायाचित्रे आणि चित्रफिती पाठवायला रात्र पुरत नाही. कंटाळून काम अर्धवट सोडले जाते आणि कुटुंबाच्या आठवणींची एकमेव प्रत जुन्या हार्ड डिस्कवरच राहते. ती डिस्क किती दिवस साथ देईल, हे कोणीच सांगू शकत नाही.

अशा वेळी पहिला संशय इंटरनेटवर जातो आणि अधिक पैशांची योजना घेतली जाते. तो खर्च या कामी व्यर्थ आहे. ही फाइल घराबाहेर जातच नाही; ती लॅपटॉपकडून राउटरकडे आणि तेथून दुसऱ्या संगणकाकडे जाते. या वाटेवरचा सर्वांत अरुंद टप्पा शोधणे, एवढेच खरे काम.

त्याआधी एकक नीट समजून घ्यावे. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये; 8 बिट म्हणजे 1 बाइट. 100 मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला फार तर 12.5 मेगाबाइट जातात, प्रत्यक्षात 11च्या आसपास. म्हणजे 100 गीगाबाइटला सुमारे अडीच तास. गिगाबिट जोडणीवर, डिस्क तेवढी वेगवान असल्यास, हेच काम वीस मिनिटांच्या आत होते.

पडद्यावर वेग 11वर खिळून राहिला, तर बहुधा वाटेत कुठेतरी 100 मेगाबिटचा टप्पा आहे. राउटर जुना असेल, किंवा केबल सदोष असेल. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. 100 मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. उंदराने एक तार कुरतडली किंवा दारात केबल चेपली, तर दोन्ही यंत्रे बहुधा निमूटपणे कमी वेगावर तडजोड करतात. तक्रारीचा एक शब्दही पडद्यावर उमटत नाही. म्हणून केबल बदलून पाहावी.

दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असतील, तर तीच माहिती हवेतून दोनदा जाते, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. वेग जवळपास निम्मा होतो. त्यात जुन्या घरांच्या जाड भिंती! 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतात. निदान एक यंत्र तरी तारेने जोडावे.

हजारो लहान छायाचित्रे एका मोठ्या चित्रफितीपेक्षा सावकाश जातात, कारण प्रत्येक फाइलची नोंद स्वतंत्र होते. त्यामुळे वेगाची परीक्षा एकाच मोठ्या फाइलने घ्यावी आणि छायाचित्रे झिप करून पाठवावीत. बाहेरची डिस्क जुन्या यूएसबी 2.0 खाचेत असेल, तर तीही अडसर ठरते.

प्रत पूर्ण झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा, चार-दोन चित्रफिती उघडून पाहाव्यात. तोवर जुन्या डिस्कवरील काहीही पुसू नये.