नकोशी पत्रे आणि त्यांची पाखडणी

ई-मेलची पेटी उघडावी आणि कामाच्या दोन पत्रांसाठी कर्ज, लॉटरी, औषधे ह्यांची वीस पत्रे बाजूला सारावी लागावीत, हा अनुभव कोणास नाही? ह्या भरताडाला स्पॅम म्हणतात. नाव मूळचे एका अमेरिकी डबाबंद मांसाचे. ब्रिटिश विनोदी नटांनी १९७० साली एका प्रवेशात ते इतके घोकले की, दुसरे बोलणेच ऐकू येईना! पुढे ते ह्या उपद्रवाला चिकटले.

उपद्रव मात्र जुना. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क ह्या विक्रेत्याने अर्पानेट ह्या अमेरिकी संगणकजालावरील सुमारे चारशे जणांस आपल्या कंपनीच्या यंत्रांची जाहिरात धाडली. पुष्कळ जण संतापले. तरी यंत्रे खपली, असे तो पुढे सांगे. रोगाचे मूळ येथेच आहे. टपालहशील जवळजवळ शून्य असल्यावर हजार शिव्यांमागे एक गिऱ्हाईक मिळाले तरी धंदा परवडतो.

अमुक शब्द दिसला की पत्र फेका, हा पहिला उपाय. पण पाठवणारा शब्दात एखादा आकडा घुसवून निसटतो. अधिक शहाणी युक्ती थॉमस बेझ ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापलेल्या निबंधावर उभी आहे. समजा, शंभर नकोशा पत्रांपैकी चाळीसांत ‘बक्षीस’ हा शब्द आहे आणि शंभर चांगल्यांपैकी दोहोंत. मग तो शब्द असलेल्या बेचाळीस पत्रांपैकी चाळीस नकोशी ठरतात. पण त्याच पत्रात ‘मावशी’ आणि ‘बारसे’ हेही शब्द असले, तर पारडे उलट झुकते. अशी सर्व शब्दांची साक्ष घेऊन यंत्र निवाडा देते. आजच्या मोठ्या ई-मेल सेवा ह्याखेरीज पाठवणाऱ्याची ओळखही पडताळतात.

तथापि ह्या न्यायात दोन प्रकारच्या चुका संभवतात, आणि त्या सारख्या नाहीत. कोंडा सुपात राहिला तर क्षणभर त्रास. दाणा उडाला तर नुकसान. आमच्या एका स्नेह्याच्या मुलीला आलेले मुलाखतीचे बोलावणे स्पॅमच्या खणात पडून राहिले. ते सापडले तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून तीन दिवस झाले होते. पॉल ग्रॅहॅम ह्याने २००२ साली ह्या पद्धतीवर निबंध लिहिला, त्यात चांगल्या पत्रांतील शब्द त्याने दुप्पट मोजले, ते ह्याच भीतीने. आम्हांस त्याचा हा पक्षपात न्याय्य वाटतो.

यंत्राला शिकवणारे आपणच. नकोसे पत्र नुसते पुसून टाकू नये, ‘स्पॅम’ अशी खूण करावी. अनोळखी लबाडाला ‘पत्रे थांबवा’ असेही कळवू नये. पत्ता जिवंत आहे एवढेच त्याला त्यातून कळते. आणि आठवड्यातून एकदा तो खण चाळावा. जीमेलमध्ये तेथील पत्रे तीस दिवसांनी आपोआप नाहीशी होतात. एखादे चांगले पत्र सापडलेच, तर ‘स्पॅम नाही’ ही कळ दाबावी, म्हणजे त्या माणसाचे पुढचे पत्र बहुधा सरळ पेटीत येते.