वाढत्या अंगाचें आसन

मुलाचा सदरा शिवावयास देतांना आपण शिंप्यास 'अंमळ वाढत्या अंगाचा शीव' असें बजावतों. ही काटकसर आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे व ती योग्यहि आहे. परंतु मोटारींत मुलाकरितां जें आसन घ्यावयाचें, त्यास मात्र हा नियम लावूं नये, असें आम्ही वाचकांस आग्रहानें सुचवितों. आसन आजच्या अंगाचेंच हवें.

मुळांत आसन हवेंच कशाला, आजीची मांडी काय वाईट, असा प्रश्न घरोघर निघतो. आजीची माया अपार खरी. पण हातांच्या बळास मर्यादा आहे. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एकदशांश सेकंदांत थांबली, तर १० किलो वजनाच्या बालकास धरून ठेवण्यास सुमारें १४० किलो वजन पेलण्याइतकें बळ लागतें. तें कोणाच्या हातांत आहे?

तान्ह्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड व मान कोंवळी असते. म्हणून त्याचें आसन गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवावें. मग धक्का पाठ, मान व डोकें या सर्वांवर सारखा वांटला जातो. मूल चालूं लागलें म्हणून आसन फिरविण्याची घाई करूं नये. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१८ सालीं वयाची अट काढून टाकली व आसनावर लिहिलेली उंचीची अगर वजनाची मर्यादा गांठेपर्यंत मूल असेंच बसवावें, असा सल्ला दिला. मात्र समोर एअरबॅग चालू असेल तेथें असें आसन कदापि ठेवूं नये.

त्यानंतर पुढें तोंड करून, खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांचें आसन. पट्टा खांद्यापाशीं चिमटींत धरतां आला, तर तो सैल आहे असें समजावें. त्यापुढें उंची देणारी बैठक. मोठ्यांचा पट्टा पोटावर न येतां मांड्यांवर, व गळ्याशीं न येतां खांद्याच्या मध्यावर बसूं लागला, म्हणजे तिचें काम संपलें. साधारणतः १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत तिची गरज असते.

एकत्र कुटुंबांत थोरल्याचें आसन धाकट्यास येणें स्वाभाविक आहे. तें अपघातांतून गेलेलें नाहीं व त्यावरील मुदत उलटलेली नाहीं, एवढें आधीं पाहावें. कायद्यानेंहि २०१९ सालच्या दुरुस्तीनें १४ वर्षांखालील मूल पट्ट्यावांचून अगर योग्य आसनावांचून नेणाऱ्यास १,००० रुपये दंड ठेविला आहे. पण दंडाच्या धाकानें करण्याची ही गोष्ट नव्हे.

दर तीन महिन्यांनीं भिंतीवर मुलाच्या उंचीची खूण करावी व ती आसनावरील आंकड्यांशीं ताडून पाहावी. आजीनें शेजारीं बसून बाळाचा हात हातीं घ्यावा व गोष्ट सांगावी. प्रथम दोन दिवस बाळ रडेल. त्या रडण्यानें विरघळून मोठ्यांनीं पट्टा सोडूं नये, एवढीच आमची विनंति आहे.