राणीचे देऊळ, देवीचे राज्य

चैत्र लागला की चंद्रपुरात झरपट नदीच्या काठी माणसे मावेनाशी होतात. नांदेड-परभणीकडचे, तेलंगणातले, वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीतले भाविक येतात, नदीत स्नान करतात आणि महाकालीच्या रांगेत उभे राहतात. चैत्र पौर्णिमेपर्यंत हा मेळा चालतो. हे देऊळ कुणी बांधले असे रांगेत विचारले, तर जाणती माणसे सांगतात, ‘राणीने.’

ही राणी म्हणजे चांद्याची गोंड राणी हिराई. तिचा पती राजा बीरशहा. त्यांच्या मुलीचा देवगडच्या सासरी अपमान झाला म्हणून बीरशहाने देवगडवर स्वारी केली आणि जय मिळाला तर देवीचे मोठे देऊळ बांधीन, असा नवस केला, अशी कथा इकडे घरोघर सांगतात. पुढे हिरामण नावाच्या माणसाच्या हातून बीरशहा मारला गेला. अठराव्या शतकाच्या आरंभीची ही गोष्ट. पोटी मुलगा नव्हता. हिराईने रामशहाला दत्तक घेतले, तो लहान असेतो राज्य स्वतः चालवले, पतीची देखणी समाधी उभारली आणि महाकालीचे देऊळ बांधले. पत्नीने पतीसाठी उभारलेल्या स्मारकाचे हे उदाहरण चंद्रपूरकर अभिमानाने सांगतात. मला मात्र राहून राहून वाटते, की समाधीइतकेच ते देऊळही बोलके आहे.

ते का, हे सांगण्यासाठी वाचकांना थोडे दूर, ग्रीसला नेतो.

ग्रीकांची देवांची राणी म्हणजे हेरा. देवराज झ्यूसची पत्नी, विवाहाची देवता. डोक्यावर मुकुट, हाती राजदंड. कथांमधून ती भेटते ती बहुधा संतापलेली. कारण नवरा ठिकठिकाणी प्रेमप्रकरणे करणार आणि ही सवतींच्या मागे लागणार. शाळेत ग्रीक पुराणातल्या गोष्टी वाचणाऱ्याला वाटते, की हिचे सारे राणीपण नवऱ्याकडून आलेले आहे.

पण कथा बाजूला ठेवून देवळे पाहिली तर चित्र पालटते. ऑलिंपियात हेराचे देऊळ इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास उभे राहिले. झ्यूसचे भव्य मंदिर त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. अर्गोस आणि सामोस इथे तर मुख्य मान तिचाच होता. ऑलिंपियात तिच्या उत्सवात कुमारिका धावण्याच्या शर्यती लावत आणि जिंकणारीला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे. आजही ऑलिंपिक ज्योत पेटते ती हेराच्या देवळाच्या अवशेषांसमोर.

रोमन लोकांनी तिला ज्युनो म्हटले आणि ‘रेजिना’, म्हणजे राणी, असे बिरुद दिले. १ मार्चला तिचा विवाहित स्त्रियांसाठीचा सण असे. त्या दिवशी नवऱ्यांनी बायकोसाठी प्रार्थना करायची आणि तिला भेटवस्तू द्यायची. आपल्याकडे वडाला फेऱ्या कोण घालते, हे आठवून वाचकांना जरा गंमत वाटेल!

या ज्युनो राणीची एक कथा रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितली आहे. इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये रोमने वेई हे शत्रूचे शहर जिंकले. तिथली ज्युनो त्या नगराची राणी. तिला ओढून न्यायचे कसे? तेव्हा निवडक तरुण स्नान करून, शुभ्र वस्त्रे नेसून देवळात शिरले. एकाने विचारले, ‘ज्युनो, रोमला येतेस का?’ मूर्तीने मान हलवली म्हणतात. जेत्यांनाही परवानगी मागावी लागली, ती तिच्या नवऱ्याची नव्हे, तिचीच.

सर्वांत चकित करणारी नोंद पौसानियस या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक प्रवाशाने केली आहे. स्टिम्फालोस नावाच्या गावी हेराची तीन स्थाने होती : कुमारिका हेरा, विवाहिता हेरा आणि विधवा हेरा. झ्यूस तर अमर. मग ही विधवा कशी? पौसानियस सांगतो, नवऱ्याशी भांडून ती माहेरच्या गावी परतली, म्हणून ते नाव. कारण काहीही असो, त्या गावाने एकट्या बाईलाही देव्हारा दिला होता.

आता पुन्हा झरपटकाठी येऊ. हिराईने जिची स्थापना थाटात केली, ती महाकाली कुणाची पत्नी म्हणून पुजली जात नाही. गोंड समाजातले अनेकजण तिला आपली माय कंकाली मानतात. आमच्याकडच्या खेड्यांतही लिंबाखाली शेंदूर फासलेली मातामाय असते. तिचा नवरा कोण, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. ती गावाची माय, तेवढे पुरते.

माझी एक आत्या ऐन तिशीत विधवा झाली. गडचिरोलीकडच्या तिच्या गावात हळदीकुंकवाचे बोलावणे तिला येत नसे आणि लग्नाच्या मांडवात ती आपणहून मागच्या रांगेत बसे. चैत्रात मात्र ती न चुकता महाकालीला यायची. एकदा मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, ‘इथं कोणी कपाळ पाहत नाही बाबू, रांग पाहतात.’

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तोच मार्ग सुचवला. ठराव कागदावर होतो, हळदीकुंकू घरात होते. त्यामुळे अजून पुष्कळ वाट चालायची आहे.

पण ही वाट आपल्याला परकी नाही. तीनशे वर्षांपूर्वी चांद्याच्या गादीचा कारभार एका विधवेने चालवला आणि तिने बांधलेल्या देवळासमोर आजही लाखो लोक माथा टेकतात. त्या देवळाच्या पायरीवर चालते ते आपल्या ओसरीवर का चालू नये, एवढेच येत्या चैत्रात घरोघरच्या थोरामोठ्यांनी स्वतःला विचारावे.